नोटा त्याच्या, चिल्लर माजी

परवा आमच्या चौथ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवाल्याने मला लिफ्टमध्ये गाठलं. "काका, ते बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणून शोधत बसता ना तुम्ही, त्यात अजून काही राम आहे का हो? मी एक व्हिडिओ पाहिला. पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख!"

मी म्हटलं, "पाच लाख देणारा भेटला तर आधी माझ्याकडे पाठव. माझ्याकडे तसली दोन किलो आहेत."

तो हसला, मी हसलो, लिफ्ट उघडली आणि मी सुटलो. खरं उत्तर सांगायला चार मजले पुरत नाहीत.

माझी सगळी नोकरी डोंबिवलीत झाली, एका रंगाच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये. डबे मोजायचे आणि पुन्हा मोजायचे. निवृत्त झाल्यावर मुलाने बाळकुमला फ्लॅट घेतला, तिथे आम्ही दोघं आलो, आणि मोजायला काही नाही म्हणून माझे हात शिवशिवायला लागले. कोपरीत माझं खातं आहे त्या बँकेत एकदा गेलेलो, तेव्हा काउंटरमागे नाण्यांची पिशवी दिसली. शंभर-शंभर नाण्यांची प्लास्टिकची पाकिटं, त्यांची भरलेली पिशवी. मी सहज विचारलं, मिळेल का? कॅशियरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या मुलीला बिनहुंड्याचं स्थळ आणलंय. "घ्या ना काका! दहाची पण घ्या. कोणी नेत नाही हो." तेव्हापासून मी त्या शाखेचा लाडका ग्राहक आहे.

पिशवी घरी आणणं हाच मोठा व्यायाम. भाजी आणायची चाकांची पिशवी मी त्यासाठी लावली, तिचं एक चाक पहिल्याच खेपेला गेलं. रिक्षात ठेवताना रिक्षावाला म्हणाला, "काका, कुठलं देऊळ फोडलंत?"

मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, भिंग घ्यायचं आणि एकेक नाणं उलटायचं. सालाच्या खाली बारीक खूण असते. चौकट असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. खाली काहीच नसेल तर कोलकात्याचं. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला समजावलं, तर ती म्हणाली, "मग तुमच्या पासबुकातलं पण कोलकात्याचंच म्हणायचं."

इतक्या वर्षांत माझ्या हाती खरोखर मोलाचं असं एकच नाणं लागलं. पाच रुपयांचं, छाप एका बाजूला सरकलेला, दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी कोरी जागा. मी आनंदाने वेडा झालो. एवढं थोर नाणं असं मळकट कसं दाखवायचं, म्हणून चिंच आणि राखेने घासून लख्ख केलं आणि कल्याणला एका नाणेवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने ते उजेडात धरलं आणि डोळे मिटले. "काका, न घासता आणलं असतंत तर चांगले पैसे दिले असते. आता हे पाच रुपयांचं आहे." वर म्हणाला, "पाचाचा चहापण येत नाही हल्ली."

आणि आता तर तेही नाही. पूर्वी पाकिटात जाडजूड जुनी नाणी यायची, अकरा कोनांची दोन रुपयांची यायची, हातात घेतलं की वजन लागायचं. ती हळूहळू आटली. आता कोरी, हलकी, एका आईच्या पोटची असावीत अशी नाणी येतात. तासभर भिंग धरून मान दुखते आणि बोटं काळी होतात, एवढंच पदरात पडतं.

पण या छंदातला खरा पेच वेगळाच आहे. शोधून झालेल्या नाण्यांचं करायचं काय? बँक परत घेत नाही. वाणी एकदा घेतो, दुसऱ्यांदा तुम्हाला बघून मागच्या खोलीत जातो. दहाचं नाणं तर रिक्षावाले हातही लावत नाहीत, म्हणतात खोटं आहे. माझ्या पलंगाखाली नाणी साठत गेली. पलंग ढकलायला दोन माणसं लागायला लागली, तेव्हा बायकोने मला मुदत दिली.

ती मुदत संपायच्या आत मला मावशी सापडल्या.

मावशी आमच्या गेटसमोर हार-फुलं विकायच्या. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, समोर गोणपाटावर झेंडू, शेवंती, तुळस, दूर्वा. त्या इथल्याच, मूळच्या गावातल्या. आमचं पार्किंग आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुजी गाडी उभी हाय ना, तिथं माजा खळा व्हता." शेत बिल्डरला गेलं, त्या बदल्यात मुलाला आमच्याच संकुलात चार फ्लॅट मिळाले आणि मागच्या गल्लीत त्याने तीनमजली बंगला बांधला. बंगल्यावर मावशींचंच नाव आहे. आणि मावशी फुटपाथवर. मी एकदा विचारलं, "एवढं असताना कशाला बसता उन्हात?" तर म्हणाल्या, "हात रिकामा ऱ्हायला का झोप नाय येत."

त्या जगाला अरे-तुरे करायच्या. मला त्यांनी नाव ठेवलं चिल्लरशेठ.

"मावशी, सुटे हवेत का?" मी पहिल्यांदा भीतभीत विचारलेलं.

"किती हायत?"

"किती हवेत?"

"पाचशे दे."

माझा कानांवर विश्वास बसेना. पाचशेची नोट माझ्या हातात आली आणि दोन किलोंची व्याधी गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाचशे. असं पाच वर्षं चाललं. दर बुधवारी मी चिल्लर नेऊन देई आणि त्यांच्याकडून नोटा घेई. घरी येऊन बायकोला म्हणायचो, "बघ, माणूस ओळखता आला पाहिजे. त्या बिचारीला काय कळतंय? सुटे म्हटलं की खूश." दिवसाला वीस-पंचवीस हार विकणाऱ्या बाईला आठवड्याला पाचशेची चिल्लर लागते कशाला, हा प्रश्न स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं मोजदाद केलेल्या माणसाला एकदाही पडला नाही.

मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी समाजसेवा केली.

झालं असं की लोक फोनवर पैसे द्यायला लागले. मावशींपाशी यायचे, हार निवडायचे, फोन काढायचे, मावशी मान हलवायच्या, लोक हार ठेवून जायचे. मला वाईट वाटलं. त्यांचा मुलगा एकदा गाडी काढताना भेटला तेव्हा मीच त्याला म्हटलं, "अरे, आईला क्यूआर कोड लावून दे. धंदा जातोय तिचा." तो म्हणाला, "काका, मला कुठे वेळ आहे, आणि तिच्याकडे साधा फोन." मी म्हटलं, "तुझ्या खात्याचा लाव, मी करतो सगळं." आणि केलं. छापून घेतला, लॅमिनेट केला, काठीला बांधून फुलांच्या मधोमध रोवला. पैसे आले की बोलून दाखवणारा तो डबाही मीच मागवून दिला. पहिला हार मीच घेतला. डबा खणखणीत बोलला, "वीस रुपये प्राप्त झाले." मी टाळ्या वाजवल्या. वॉचमननेही वाजवल्या.

मावशी डब्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तू लय हुशार."

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

पुढच्या बुधवारी त्यांनी चिल्लर घेतली नाही. "नको. सगली फोनवर देतात." त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. मला जरा लागलं, माझं एकमेव गिऱ्हाईक मी माझ्याच हाताने घालवलेलं. पण म्हटलं, चला, प्रगती आहे.

गुरुवारी चारच्या सुमाराला मी दत्ताला हार घ्यायला खाली गेलो. तिथे एक बाई उभी होती. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी. हिला मी बऱ्याचदा पाहिलेलं. दर गुरुवारी यायची, मावशी तिला केळीच्या पानात बांधलेली फुलांची पुडी द्यायच्या, आणि ती पैसे न देता जायची. महिन्याचं खातं असेल, असं मी धरून चाललेलो. त्या दिवशी मावशींनी पुडी बांधली. नेहमीपेक्षा फुलं जास्त घातली. बाईने हात पुढे केला आणि पुडी घेताना तिचा हात असा वर उडाला, जसा भरलेला समजून रिकामा हंडा उचलताना उडतो.

मी चिल्लरशेठ. वजनाचा माणूस. मला राहवलं नाही. "काय मावशी, पुडी हलकी झाली वाटतं? महागाई का?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येते मी," म्हणाली आणि गेली. डबा मध्येच ओरडला, "चाळीस रुपये प्राप्त झाले." कोणीतरी गाडीतून उतरून वेणी घेतली होती.

ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मावशी तिकडेच बघत होत्या. मग सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "ती माजी पोर हाय."

"मुलगी? मग घरी का नाही येत?"

"घराचा उंबरा नाय तिला." आणि मग एकेक करून सांगितलं. शेत विकताना भावाने बहिणीकडे हक्क सोडल्याची सही मागितली. ती म्हणाली, माझाही वाटा आहे. सही दिली तर नाहीच, वर वकिलाची नोटीस धाडली. शेवटी काहीतरी तडजोड झाली, थोडे पैसे तिला मिळाले, ते नवऱ्याच्या आजारात गेले. आता विठ्ठलवाडीला भाड्याच्या खोलीत राहते, नवरा दोन वर्षं अंथरुणावर, पदरात दोन मुलं. भाऊ तिचं नाव काढू देत नाही.

"आमच्यात कसा हाय," मावशी म्हणाल्या, "सांजच्याला मी गल्ला नेते घरी. नोटा त्याच्या, चिल्लर माजी. सून बोलते, आई, ती चिल्लर तुमच्याकडंच ठेवा, माजी पर्स फाटते. कोन मोजनार चिल्लर? म्हनून तुज्याकडनं घ्यायची मी. नोट तुला दिली का ती त्याची नाय ऱ्हात. पोरीच्या पुडीत घालायची, खाली, पानाच्या आत."

मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसलो. पाच वर्षं त्या माझ्यामार्फत मुलाच्या नोटांची चिल्लर करून घेत होत्या. आणि मी घरी जाऊन म्हणायचो, त्या बिचारीला काय कळतंय.

"मग मला आधी का नाही सांगितलं? मी तो कोड लावलाच नसता."

"तू विचारलास का?"

"काढून टाकू? आत्ता काढतो."

"आन त्याला काय सांगशील? आईला नोटा चोरायच्या हायत म्हनून काढला?" त्यांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "ऱ्हाऊ दे. घे तुजा हार."

मी खिशातून पाचशेची नोट काढली. ती काढायला नको होती, हे मला नोट हातात असतानाच कळलं. मावशी म्हणाल्या, "मी फुला विकते." बस, एवढंच. मी नोट पुन्हा खिशात घातली.

आता मी पडलो करामती माणूस. घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "सर्वांना नम्र विनंती, गेटवरच्या फुलवाल्या मावशींना शक्यतो सुट्या नाण्यांत पैसे द्यावेत. नाणी माझ्याकडे मिळतील, मला फोनवर पैसे पाठवावेत." वाटलं, कल्पना काय सुंदर आहे. कारण सांगता येत नव्हतं, मावशींचा मुलगाही त्याच ग्रुपवर.

पाच मिनिटांत उत्तरं आली. "काका, स्टॉक क्लिअर करताय का?" "काका, सेल किती दिवस?" बी विंगमधल्या एकीने लिहिलं, "पलंग मोडला वाटतं शेवटी!" खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एका गृहस्थाने गंभीरपणे विचारलं, हे कायदेशीर आहे का. पाच वर्षं लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या मंडपात नाण्यांवरून जे विनोद मी स्वतःवर करून घेतले होते, ते सगळे त्या दिवशी माझ्या विनंतीवर येऊन बसले. एकही माणूस नाणी घ्यायला आला नाही.

मग मीच रोज हार घ्यायला लागलो. नाण्यांत. आधी दोन, मग पाच, गुरुवारी अकरा. बायको म्हणाली, "अहो, घरात देव तीन. अकरा हार कोणाला घालू, तुम्हाला?" मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीच खाली जाऊन सात गजरे घेऊन आली, आणि तिला गजऱ्याचा वास सहन होत नाही.

दोन गुरुवार पुडीला पुन्हा थोडं वजन आलं. लेकीने ती घेताना दुसरा हात खाली लावलेला मी लांबून पाहिला. त्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटलं की मी टेबलावर नवं पाकीटही फोडलं.

तिसऱ्या आठवड्यात मावशींचा मुलगा आमच्या दाराशी आला. चप्पल बाहेर काढून आत आला, पाणी घेतलं. चांगला आहे तो, उद्धट नाही.

"काका, राग मानू नका. तुम्ही रोज एवढे हार घेता, तेही चिल्लर देऊन. काकूपण घेतात. लोक माझ्याकडे बघून हसतात हो. म्हणतात, चार फ्लॅटवाल्याची आई, आणि म्हातारा-म्हातारी दया येऊन पैसे टाकतायत तिच्यापुढे."

"दया नाही रे. आम्हाला फुलं आवडतात."

"अकरा हार?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको दारात उभी होती, तिने मान खाली घातली. सांगावं का? तोंडापर्यंत आलेलं. पण ते गुपित माझं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर पुडीही गेली असती. मी म्हटलं, "छंद म्हण."

"तुमचा छंद होतो काका, आमची इज्जत जाते." तो उठला. "तसंही तिचं वय झालंय. उद्यापासून आई नाही बसणार."

आणि दुसऱ्या दिवशी त्या नव्हत्या. गोणपाट नव्हतं, काठी नव्हती. फुटपाथवर पाण्याचा ओला चौकोन असायचा, तो दुपारपर्यंत वाळून गेला.

गुरुवारी चारला मी गेटवर जाऊन उभा राहिलो. ती आली, रिकाम्या जागेपाशी थांबली, मग वॉचमनकडे वळली. मी पुढे झालो. काय सांगितलं, कसं सांगितलं, मला नीट आठवत नाही. माझ्यामुळे झालं, एवढं दोनदा म्हणालो असेन.

"आजारी नाही ना?" तिने विचारलं.

"नाही नाही. ठणठणीत आहेत. घरी बसवलंय."

ती मागच्या गल्लीकडे बघत राहिली. इथून चालत तीन मिनिटं. मी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, नाण्यांचंच, सवयीने तेच उचललं होतं. "हे ठेवा. मावशींचंच समजा."

तिने हात मागे घेतला. रागाने नाही. "आईचं कसं समजू काका? तुम्ही दिलेलं आहे." आणि निघताना, "तिला सांगा, आलेली म्हणून."

मी बंगल्यावर गेलो. कारण काय काढायचं? चाकांची पिशवी घेतली, जिने चढलो, बेल वाजवली. सुनेने दार उघडलं. "मावशींना सुटे हवेत का विचारायला आलो."

ती हसायला लागली. "काका, आता कशाला सुटे त्यांना? बसा, चहा करते."

मावशी सोफ्यावर बसलेल्या. पाय जमिनीवर टेकत नव्हते. टीव्ही चालू होता, त्या बघत नव्हत्या. सून आत गेली तशी त्यांनी नुसती भुवई उचलली.

"आलेली," मी म्हटलं. "दहा मिनिटं थांबली. तुमची तब्येत विचारली."

"काय नेलान?"

"काही नाही. मी देत होतो, घेतलं नाही."

त्यांनी मान हलवली. कदाचित त्यांना ते बरं वाटलं, कदाचित वाईट. हात मांडीवर होते, बोटं आपोआप एकावर एक फिरत होती, गाठ मारल्यासारखी. कपबशीचा आवाज आला तेव्हा त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "तिला सांग, गल्लीच्या तोंडाला बदामाचा झाड हाय. तिथं उभी ऱ्हा बोल. चारला. मी येईन गॅलरीत."

मी सांगितलं.

तेव्हापासून ती गुरुवारी झाडाखाली येते. विठ्ठलवाडीहून इथवर यायला तिला दोन वाहनं बदलावी लागतात. ती वर बघते, तिसऱ्या मजल्यावर हिरवं लुगडं दिसतं. हात कोणी हलवत नाही, समोरच्या बंगल्यांत सगळे भाऊबंद. दहा मिनिटांनी ती निघून जाते. पिशवी जशी आणते तशीच परत नेते. एकदा मी तिच्यापर्यंत जाऊन म्हटलं, मुलांना काही हवं असेल तर सांगा. ती म्हणाली, "एका शाळेत डबे भरायचं काम मिळालंय, चाललंय." मी आणखी काही बोललो असतो, पण ती वर बघत होती, आणि वेळ तिचा होता.

परवा मावशींची सून मला भाजीवाल्यापाशी भेटली. "काका, आमच्या आईंना हल्ली काय झालंय कळत नाही. मशीनमध्ये वाळवलेले कपडेसुद्धा पुन्हा गॅलरीत नेऊन झटकत बसतात. एकेक कपडा इतका वेळ! तेही गुरुवारीच."

मी म्हटलं, "झटकू दे त्यांना."